काचेवरचं कुंकू

बेळगोळच्या कारखान्यांच्या चिमण्या मागे दिसेनाशा झाल्या, तरी मानाजीराव चालतच होते. म्हैसूरची बस आली, थांबली, कंडक्टरनं हाकही मारली. त्यांनी मान वळवली नाही. मग मीही चढले नाही. साठीचा माणूस, खांद्याला जड पिशवी, वर ऊन. एकट्याला कसं सोडायचं? पण चिडचिड होत होती. माझ्या पायात नव्या चपला होत्या.

पुढच्या स्टॉपवर तरी चढूया, असं मी म्हटलं.

"सुम्ने, गुपचूप चला वहिनी," ते म्हणाले. "लवकर घरी जाऊन काय करायचं? ती पायस करून दारात बसली असेल."

ती म्हणजे त्यांची बायको, जमुनाबाई. आमची भिंतीला भिंत आहे.

मानाजीराव रंगाऱ्यांच्या घरातले. देवराज मोहल्ल्यात त्यांच्या आजोबांच्या कापड रंगवायच्या कढया होत्या. कढया गेल्या, आता त्या जागेत मिक्सर-ग्राइंडर दुरुस्तीचं दुकान आहे. मी लग्न होऊन सोलापूरकडून आले तेव्हा माझ्या शाळेतल्या मराठीची सगळ्यात जास्त टिंगल मानाजीरावांनीच केली, आणि कानडीही त्यांनीच शिकवलं. स्वभाव हट्टी. डोक्यात काही शिरलं की जेवणाची शुद्ध नाही.

मागे कधीतरी ते बन्नूरला एका गुऱ्हाळाची मोटार बघायला गेले होते. वीज गेलेली. चुलाणात जाळ धगधगतोय आणि गुळव्या दातात बॅटरी धरून मोटारीच्या वायरी चाचपतोय. एवढी आग पुढ्यात असून उजेड उसना आणायचा, हे त्यांना फार लागलं. तेव्हापासून पिशवीतल्या या डब्याचं वेड.

डबा चहा-साखरेच्या डब्याएवढा. आत गॅसच्या बारक्या ज्योतीवर एक काळा तुकडा तापून लालभडक होतो. त्याच्यासमोर काच, काचेमागे नखाएवढ्या काळ्या पत्र्या. तापलेल्या तुकड्यातून डोळ्याला दिसतो त्याच्या कितीतरी पट न दिसणारा उजेड निघतो. पत्र्या तो झेलतात आणि त्याची वीज करतात. छपरावरच्या सोलरसारखंच, फक्त सूर्य डब्यात. घरी यावर दिवा लागायचा, फोन चार्ज व्हायचा. मी स्वतः पाहिलंय. पण पुढं जायचं तर चांगल्या पत्र्या हव्यात, मोजायची यंत्रं हवीत, ती मिक्सरच्या दुकानात कुठली? मी बेळगोळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. तिथल्या साहेबांच्या मागं लागून मी यांना वेळ मिळवून दिली. डब्यानं दिवा नीट लावून दाखवला, तर आमच्या प्रयोगशाळेत बसून काम करा, असं साहेबांनी कबूल केलं होतं. तशी एकच जागा उरली होती.

आज दिवा मिणमिणला आणि गेला. पुन्हा पेटवलं, तेच. साहेब मोबाईलमध्ये बघत कल्पना छान आहे म्हणाले. आम्ही डबा पिशवीत भरत होतो तोवर त्यांनी ती जागा दुसऱ्याला दिल्याचं सांगूनही टाकलं.

वाटेत कालव्याच्या कठड्यावर मानाजीराव बसले. डबा निवला होता. त्यांनी झाकण काढून काच उन्हात धरली. बरोबर मध्यावर करपलेला तपकिरी डाग होता, बोटाच्या टोकाएवढा, आणि त्याच्याभोवती धुरकट ओघळ.

मला एकदम सकाळ आठवली. रंगाऱ्यांच्या घरची जुनी रीत आहे. कढईच्या तोंडाला तेलात कालवलेलं कुंकू लावल्याशिवाय तिच्याखाली जाळ करायचा नाही. निघताना जमुनाबाई करंडा घेऊन आल्या होत्या. कुठं लावू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मानाजीराव चपलेचा पट्टा लावत होते. मान वर न करता म्हणाले होते, "नेहमीसारखं. तोंडाला."

झाकण उघडंच होतं, आणि डब्याचं तोंड म्हणजे त्या माउलीला काचच वाटली. चमकत होती ना.

मानाजीरावांनी धोतराच्या सोग्यानं काच घासली. डाग भाजून बसला होता. पत्र्या एकीला एक जोडलेल्या असतात, असं ते काचेकडे बघतच म्हणाले. एकीवर सावली पडली की बाकीच्याही बसतात.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, उठा, परत जाऊ, साहेबांना खरं ते सांगू, काच बदलून पुन्हा दाखवू.

"काय सांगू? बायकोनं कुंकू लावलं म्हणून दिवा लागला नाही?"

"का नाही? दसऱ्यात आयुधपूजेला साहेबांच्या गाडीला काय शाई लावतात?"

ते हसले नाहीत. "त्यांची गाडी कुंकवानं थांबत नाही वहिनी. माझा डबा थांबला. ते जन्मभर हेच सांगत बसतील. बिडी, सोडून द्या."

मला त्यांचा राग आला, साहेबांचा आला, आणि खरं सांगायचं तर देवाचाही थोडा आला. सकाळी चामुंडीला हात जोडून मी एवढंच मागितलं होतं. तिच्याच नावाचं कुंकू आडवं यावं?

आणखी एक बस गेली. बाजूच्या गल्ल्यांतून शाळेची पोरं सायकली मारत निघाली, म्हैसूरची घरं दिसायला लागली, तेव्हा ते थांबले. काच काढून त्यांनी खिशात टाकली होती, ती तिथंच वरून चाचपली.

"जमुना विचारणार. मला नाही, तुम्हाला विचारेल," ते म्हणाले. "गॅस कमी पडला म्हणून सांगा. मी सांगितलं तर तिला पटायचं नाही. तुम्ही खोटं बोलत नाही, हे तिला माहीत आहे. म्हणून तुम्हीच सांगा."