हिरवी चौकट

व्हर्डेल प्रुइटच्या टेबलावर दोन मार्कर असायचे, एक पिवळा आणि एक हिरवा. छावणीच्या पगार ऑफिसात आम्ही सहा जणी होतो, पण हिरवा मार्कर तिच्या एकटीकडे होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे याच गोष्टीवर मी तोंड शिवून बसले.

व्हर्डेलने स्वतः वीस वर्षं सैन्यात काढली होती. शुक्रवारी वर्दी उतरवली आणि सोमवारी त्याच आवारात पगाराच्या खिडकीवर हजर झाली. आमच्या मेस्किट फोर्ड गावात हे असंच चालतं. छावणी सुटली तरी माणसं तिच्या कुंपणापासून फार लांब जात नाहीत.

नवी पोरं पगाराची चिठ्ठी घेऊन तिच्यापुढे बसली की तिच्या जिभेला धार यायची. एकाने पहिल्या चार महिन्यांत नवाकोरा ट्रक घेतला होता. "पगार वाढायचा तेव्हा वाढेल, बाळा. हप्ता आधीच कसा वाढला?" असं ती म्हणाली आणि पोरगा कानापर्यंत लाल झाला. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट करून ती सगळं समजावून सांगायची. तक्त्यात खालून वर हुद्दे, डावीकडून उजवीकडे नोकरीची वर्षं; चारच्या पुढे रकाने दोन-दोन वर्षांचे. तिचं भाषण आम्हाला पाठ होतं.

"वाढ तीन तऱ्हेची असते. जानेवारीची सरकार देतं, शहाण्याला आणि वेड्याला सारखीच. उजवीकडची चौकट काळ देतो, तू नुसता टिकलास म्हणून. आणि वरची ओळ तुझी तू मिळवायची. ती कुणी कुणाला देत नाही."

मग एका छोट्या तक्त्यावर पोरगा आज जिथे आहे ती चौकट ती पिवळी करायची आणि थोडं थांबला तर जिथे पोहोचेल ती हिरवी. कागदाची घडी त्याच्या खिशात जायची. कित्येक पोरं तो कागद वर्षानुवर्षं पाकिटात ठेवत. मला या प्रकाराचं फार कौतुक होतं.

रेने ओझुना आला तो ऑक्टोबरात. टेक्सासच्या पार दक्षिण टोकाचा, नदीकाठच्या गावचा. जानेवारीच्या नऊ तारखेला त्याची चार वर्षं भरणार होती. घरी जायचं, एसी दुरुस्तीचं काम शिकायचं आणि आईजवळ राहायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शेवटच्या पगाराचं विचारायला आला होता, बाकी काही नाही. व्हर्डेलने सवयीने तक्ता ओढला. जानेवारीची वाढ आणि चार वर्षांची वाढ एकाच महिन्यात पडत होती. "दार उघडायच्या आदल्या दिवशी कोण निघून जातं, पोरा? एक वर्ष थांब," ती म्हणाली आणि चारच्या रकान्यातली चौकट हिरवी केली.

त्याने एक वर्षाची मुदतवाढ घेतली. नोव्हेंबरात त्याची तुकडी परदेशी रवाना झाली. जानेवारीत दोन्ही वाढी मिळाल्या. फेब्रुवारीत तिथल्या एका रस्त्यावर गाडी उलटली आणि रेने गेला.

शेवटच्या पगाराचा कागद आमच्याच ऑफिसात आला. मृत्यूच्या तारखेपर्यंतचे दिवस धरायचे, असा नियम आहे. व्हर्डेलने तो कागद केला, सही केली, हिरवा मार्कर कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि जेवायला गेली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या जानेवारीत एक बुटकी, ताठ बाई खिडकीशी आली. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेले तमालेस होते, मक्याच्या पिठाचे, कणसाच्या पानात उकडलेले, अजून गरम. एर्लिंडा ओझुना, रेनेची आई. रात्र संपायच्या आत निघून पाच तास गाडी चालवत आली होती. मुलाच्या सामानाच्या पेटीत एक कागद सापडला होता, तो तिने उलगडून ठेवला. मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं: छोटा तक्ता, एक चौकट पिवळी, एक हिरवी.

रंगांचा अर्थ तिने विचारला. व्हर्डेलने सांगितला. मग हे कुणी रंगवलंय, असं विचारलं.

"ऑफिसात सगळ्यांकडेच मार्कर असतात," व्हर्डेल म्हणाली.

एर्लिंडाने माझ्याकडे पाहिलं. मी स्टेपलरमध्ये पिना भरत बसले. तो आधीच भरलेला होता.

जाण्याआधी तिने आणखी एक विचारलं: आज असता तर रेने कुठल्या चौकटीत असता? व्हर्डेलने नवा तक्ता घेतला आणि बोट ठेवलं. पाच वर्षं झाली असती, म्हणजे चारचाच रकाना, पण आकडा जानेवारीच्या वाढीने पुढे गेलेला. बाई आकडा पाहत राहिली, मान हलवली आणि गेली.

ती दर जानेवारीत येऊ लागली. नऊ तारखेच्या आसपास, तमालेस घेऊन, त्याच खिडकीशी. दुसऱ्या वर्षी रेने सहाच्या रकान्यात सरकला. व्हर्डेलचं मात्र बिनसत गेलं. नवा तक्ता आला की आधी तिचं बोट त्याच्या चौकटीवर जायचं. जेवताना मधेच मला म्हणायची, "आज त्याची सात भरली, डार्ला." एखाद्या पोराने मुदतवाढीचं विचारलं की ती त्याला माझ्याकडे पाठवायची. त्या खिडकीपुढची खुर्ची रिकामी असताना करकरली की ती मान वर करून पाहायची. मीही पाहू लागले. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायची. मेलेल्याचा पगार थांबतो हे आम्हीच लोकांना सांगायचो, आणि आमच्याच टेबलावर एकाचा दर वर्षी वाढत होता.

एकदा मी तिला म्हटलं, सांगून टाक, मोकळी हो. ती म्हणाली, "ती बाई मला काय करेल याची भीती नाही. ती परत आली नाही तर?"

चौथ्या वर्षी रेनेची आठ वर्षं भरली असती. एर्लिंडाने चष्मा लावून तक्ता स्वतःच वाचला. एव्हाना तिला तो आमच्याइतकाच येत होता. सहाच्या रकान्यातला आणि आठच्या रकान्यातला आकडा एकच आहे, हे तिने पकडलं.

"हा पुढे का जात नाही, मिस व्हर्डेल?"

"या हुद्द्याला सहा वर्षांनंतर काळ काही देत नाही. पुढे वरच्या ओळीत जावं लागतं."

"म्हणजे सार्जंट. मग करा त्याला सार्जंट."

व्हर्डेलने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मिसेस ओझुना, तो हिरवा मार्कर माझा होता. मीच थांबवलं त्याला."

"माहीत आहे," एर्लिंडा म्हणाली. "फोनवर त्याने नाव सांगितलं होतं. मिस व्हर्डेल म्हणते, दोन वाढी एकदम मिळतील."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही माफी मागितली असती. मी दिली असती, मला नाही म्हणता येत नाही. मग तुम्ही सुटला असता. त्याची वर्षं कुणी मोजली असती?" तिने तक्ता पुढे सरकवला. "सार्जंट करा. आणि हिरवा नको, पिवळा."

व्हर्डेलने पिवळा मार्कर उचलला. रंग शेजारच्या चौकटीतही गेला.

त्यानंतर तीन वर्षं तिने खिडकी सांभाळली. खुर्चीकडे पाहायचं मात्र तिने सोडलं नाही. गेल्या ऑगस्टात ती वारली. मी एर्लिंडाला कळवलं आणि मनात म्हटलं, आता तरी हे थांबेल.

या जानेवारीच्या नऊ तारखेला मी व्हर्डेलच्या जागी बसले होते. फॉइलचं पुडकं खिडकीतून आत आलं.

"तो मार्कर कुणाचा, हे तुम्हालाही पहिल्या दिवशी माहीत होतं ना, मिस डार्ला?"

मी हो म्हटलं.

"मग सांगा," ती खुर्ची ओढून बसत म्हणाली, "या वर्षी रेने कुठे आहे?"

मी खण उघडला. तक्ता आदल्या दिवशीच काढून ठेवला होता. बाराचा रकाना, सार्जंटची ओळ, चौकट पिवळी केलेली.