तुकाराम तांडेलाची टेस्ट

अलिबागच्या एसटी स्टँडामागे माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. बावीस वर्षांत मी तीनेक हजार माणसांना गाडी शिकवली. त्यातली बरीचशी मी विसरलो, काही विसरायचा प्रयत्न चालू आहे. तुकाराम तांडेल या दोन्हींत बसत नाहीत.

तांडेल हे त्यांचं आडनाव नाही, हुद्दा आहे. मच्छीमार बोटीचं सुकाणू ज्याच्या हातात असतं आणि खोल पाण्यात ज्याचा शब्द शेवटचा असतो, तो तांडेल. रेवदंड्याकडच्या एका कोळीवाड्यातून त्यांनी अडतीस वर्षं बोट नेली आणि आणली. सत्तावन्नाव्या वर्षी कमरेतली चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, बोटीचे हादरे बंद. बोट मुलाकडे, निकेशकडे गेली. तांडेल ओट्यावर बसले.

त्यांची बायको केसरबाई मासळी घेऊन आतल्या गावांच्या बाजारांना जाते. तिच्याकडे एक जुना टेम्पो होता आणि त्यावर एक चालक होता. या चालकाच्या घरी दर महिन्याला एक तरी लग्न निघायचं. चौथ्या लग्नानंतर केसरबाई नवऱ्याला घेऊन माझ्याकडे आली.

"ह्यांना शिकवा," ती म्हणाली. "बोट येते, म्हंजे अर्धं येतंच."

टेम्पोच्या हादऱ्यांबद्दल डॉक्टरांना कोणी विचारलं नव्हतं.

अर्धं येत होतं ते चुकीचं अर्धं होतं. सुकाणू फिरवल्यावर बोट जरा वेळाने वळते, म्हणून तांडेल वळणाच्या बरेच आधी स्टिअरिंग फिरवत. दोनदा आम्ही एकाच नारळाच्या वाडीच्या कुंपणाला भेटून आलो. त्यांची नजर क्षितिजावर असे. बॉनेटसमोरची कोंबडी त्यांच्या हिशेबी फारच जवळ होती. आणि बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. तांडेलही चालत्या गाडीत थांबण्यासाठी रिव्हर्स गिअर टाकू बघत. तो आवाज मला अजून ओळखता येतो.

"तांडेल, ब्रेक दाबा ना!"

"मास्तर, सारखा ब्रेक म्हंजे घाबरल्याचं लक्षान हाय."

पण माणूस शिकत होता. दीड महिन्यात ते साळावच्या पुलावरून अशी गाडी न्यायला लागले की मी शेजारी बसून चहा पिऊ शकत होतो. ते अनवाणी चालवत. आयुष्य बोटीच्या फळ्यांवर गेलेलं, पायांचे पंजे जाळ्यासारखे पसरलेले. गाडीत बसताना ते चपला दाराबाहेर काढून ठेवत. एकदा त्या तशाच राहिल्या आणि चौलपासून परत यावं लागलं. चपला रस्त्याच्या कडेला शिस्तीत उभ्या होत्या.

मग पेणच्या आरटीओची टेस्टची तारीख आली आणि इथून पुढची चूक माझी आहे.

टेस्टला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक यादी देतो. पांढरा शर्ट. पायांत बूट. आत बसल्या बसल्या साहेबांना नमस्कार. आधी पट्टा. आरसा नुसता बघायचा नाही, आपण तो बघतोय हे साहेबांना दिसलं पाहिजे; त्यासाठी मान वळवायची, हात लावायचा. पहिली छाप पडली की अर्धं काम झालं, असं माझं मत होतं.

तांडेलांनी यादी दोनदा वाचून घेतली. त्यांना एकच धास्ती होती. कोळीवाड्यात अजून लोक भरती कधी, वारा कसा, ते त्यांना विचारायला येत. तो माणूस नापास झाला तर? म्हणून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की पेणला एका लग्नाला जायचं आहे. लग्न म्हटल्यावर कोणी संशय घेत नाही.

केसरबाईने अलिबागच्या बाजारातून काळे बूट आणले. मग तालीम सुरू झाली. ती खाटेवर साहेब होऊन बसे. तांडेल बाहेरून येत, म्हणत, "नमस्कार साहेब," आणि नसलेला पट्टा लावत.

"हसू नका," ती सांगे. "पुन्यांदा."

तीन दिवसांत तिने त्यांना सात वेळा नापास केलं.

टेस्टच्या सकाळी पांढऱ्या शर्टातले तांडेल खरोखरच लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. बूट चालताना कुरकुरत होते. मैदानावर नंबर लागला. गाडी माझ्याच स्कूलची, म्हणून मला मागच्या सीटवर बसू दिलं, तोंड उघडायचं नाही या अटीवर. शेजारच्या सीटवर परीक्षक येऊन बसल्या. पंचविशी-तिशीतली मुलगी होती. तांडेलांनी तिच्याकडे नीट पाहिलं, क्षणभर थांबले आणि जे पाठ झालं होतं तेच म्हणाले.

"नमस्कार साहेब."

"चालू करा," त्या म्हणाल्या.

पट्टा लागला. आरशाला हात लागला. मान अशी वळली की मलाच माझ्या यादीचा अभिमान वाटला. गाडी निघाली, इंग्रजी आठच्या आकड्याचं पहिलं वळण झालं, आणि दुसऱ्या वळणावर तांडेलांच्या उजव्या बुटाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबले. आतल्या पायाला यातलं काही कळलं नसावं. गाडी कण्हली, उसळली आणि मैदानातल्या एका प्लास्टिकच्या शंकूवर चढली. शंकू खाली अडकून आमच्याबरोबर येऊ लागला. संकटात माणूस जुन्या गोष्टीकडे वळतो. तांडेलांनी रिव्हर्स टाकायला घेतला.

गाडी बंद पडल्यावर परीक्षकबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"आधी काय चालवत होतात?"

"बोट."

"किती वर्षं?"

"अडतीस."

"हं," असं म्हणून त्या उतरल्या.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. तांडेल खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "अडतीस वर्सांत एक मानूस बुडू दिला न्हाय. आज डबा मारला."

मी म्हणालो, "तो शंकू होता." याने त्यांना फारसं बरं वाटलं नाही.

घरी केसरबाईने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मासळी निवडताना नीराबाई नावाच्या शेजारणीने विचारलं, की लग्न कसं झालं. केसरबाई साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लगीन न्हवतं. गाडीची परीक्सा होती. नापास झाले. आठवड्यानं परत जानार." मग एकाने सांगितलं, की तोही दोनदा नापास झाला होता. मग दुसऱ्याने. मग कळलं, की कोळीवाड्यातले दोघेजण लायसनशिवायच फिरत आहेत. आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे एकजण तांडेलांना वारा विचारायला आला. ते त्याच्याशी जरा जास्तच वेळ बोलले.

पुढच्या टेस्टआधी मी यादीचा विषय काढला. तांडेलांनी हात जोडले.

"मास्तर, तुमचं सगलं करून झालं. आता माझ्या मनानं करू द्या."

ते रोजच्या निळ्या शर्टात आले. परीक्षक त्याच होत्या. त्यांची नजर पायांकडे गेली.

"बूट कुठंयत?"

"घरी हायत. ते घातले का मना पायच समजत न्हाय."

"मग मागच्या वेळी का घातलेत?"

"तुमच्यावर छाप पाडायची होती."

"पडली ना," त्या म्हणाल्या. "शंकूवर."

तांडेल हसले नाहीत, त्याही नाहीत. गाडी निघाली. आठ झाला. चढावर थांबून पुन्हा निघायचं झालं, गाडी बोटभरही मागे सरकली नाही. मागे घ्यायच्या वेळी त्यांनी ना आरशाला हात लावला, ना मान फिरवून दाखवली.

"थांबा," परीक्षकबाई म्हणाल्या. "आरसा बघितलात?"

"बगितला."

"मला दिसलं नाही."

"तुमाला दाखवायला न्हाय बगितला, बाय. मागं काय हाय ते बगायला बगितला. लाल शर्टवाला त्याची बंद पडलेली स्कूटर ढकलत आडवा चाललाय. तो गेला का घेतो."

परीक्षकबाईंनी मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. लाल शर्टवाला गेला. गाडी सरळ रेषेत मागे आली.

आठवड्याभरात लायसन पोस्टाने आलं. केसरबाईने ते देवापुढे ठेवलं आणि लगेच उचलून त्यांच्या खिशात घातलं, कारण दुसऱ्या दिवशी तळा गावचा बाजार होता.

मी माझी यादी अजूनही देतो. बुटांची ओळ तेवढी खोडली आहे.

महिन्याभराने तांडेल स्कूलवर पापलेटं घेऊन आले. टेम्पो कसा चालतोय, असं विचारलं तर म्हणाले, बरा चालतो. कंबर कशी आहे? तीही बरी आहे. मग ते खुर्चीत बसले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ते म्हणाले. त्यातली अर्धीअधिक दर्यावर गेली, आणि घरी आलो की नुसता झोपायचो. आता तळ्याला जायला दोन तास, यायला दोन तास, दोघं शेजारी शेजारी.

"लई बोलते, मास्तर," ते म्हणाले. "मना ठाऊकच न्हवतं."

"मग त्रास होतो का?"

"न्हाय," ते म्हणाले. "गाडी जरा हलू चालवतो."