देवाच्या माथी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे नास्तिकराव म्हणत. मेव्हण्याने चिडवायला ठेवलेलं नाव, पण चिकटलं ते चिकटलंच. देव न मानणारा माणूस काहीच मानत नसणार, असं मेव्हण्याचं ठाम मत होतं. जेवताना तो हटकून विषय काढायचा आणि नास्तिकराव घास हातात धरून समजावत बसायचे. देव आहे हे पटत नाही, नास्तिक असण्याचा अर्थ तेवढाच. पुढे काय मानायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. नास्तिकांत सज्जन असतात तसे चोरही असतात. मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "वरून बघणारा कोणी नाही, म्हणून आपणच नीट बघायचं." त्यावर बायको म्हणायची, की आधी ताटाकडे बघा, भाजी गार झाली.

या वाक्याला ते तेवीस वर्षं जागले. दर महिन्याला गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, ब्रेकचं झाकण उघडून आतलं पॅड तपासायचं, मगच खाली येऊन वहीत सही करायची. एका महिन्यात गुडघा ठणकत होता. गच्चीचा लोखंडी जिना नको वाटला. मागच्या खेपेला तर सगळं ठीक होतं, असं मनाशी म्हणत त्यांनी खालीच सही ठोकली.

अकरा दिवसांनी लिफ्ट चौथ्या मजल्यावर चार बोटं वरच थांबली. बाहेर पाऊल टाकताना तिथल्या म्हाताऱ्या बाई पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. या बाईंनीच नास्तिकरावांना शाळेत गणित शिकवलं होतं. नास्तिकरावांनी धावत जाऊन ब्रेक उघडला, तर पॅड पार झिजलेलं. पॅड बदलून ते बाईंना भेटायला गेले.

प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बाई बसल्या होत्या. "देवाची मर्जी, दुसरं काय," त्या म्हणाल्या. नास्तिकरावांनी मान डोलावली.

जिना उतरताना त्यांचे कान तापले. ज्याला जन्मभर घरात घेतलं नाही, त्याच देवाच्या माथी आपली चूक मारून ते मोकळे झाले होते. मनगट मोडल्याची लाज होतीच, पण या मान डोलावण्याची लाज जास्त होती. भाविक माणूस निदान देवापुढे नाक घासतो. यांना तीही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने नेहमीचा विषय काढला, तेव्हा ते ताट अर्धवट टाकून उठले. शेवटी बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग मला काय सांगताय?"

तिसऱ्या दिवशी वही काखेत मारून ते बाईंकडे गेले. ब्रेक न बघताच सही केली, नोकरी राहो की जावो, मालकालाही आज सांगणार आहे, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. बाईंनी वही उघडून ती सही शोधली.

"आणि परवा मी देवाचं नाव घेतलं, तेव्हा मान का डोलावलीस?"

"बरं वाटलं, बाई."

बाईंनी डाव्या हाताने वही मिटली. "माझा देव दयाळू आहे. तो करील तुला माफ."

"मला तुमची माफी हवी होती."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "ती इतक्यात मिळायची नाही."