मलई की बदामी

नांदेडच्या रंगाच्या दुकानात लेकीनं शेडकार्ड पुढं केलं. "आई, मलई की बदामी?" मला दोन्ही सारखेच दिसत होते. एवढ्यात कोपऱ्यातल्या भिजवलेल्या चुन्याचा उग्र वास आला आणि मी थेट लातुरात पोचले.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीतला कारकून आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं येणार, म्हणून ती रंगवायची होती. पण साल दुष्काळाचं. टँकरच्या तळाचं गढूळ पाणी आईनं बादलीभर राखून ठेवलं होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच पाण्यात दोन डबे चुना भिजवून त्यांत रंगाच्या वेगवेगळ्या पुड्या कालवल्या आणि भिंतीवर दोन पट्टे ओढले.

"मलईच चांगला दिसायलाय," आई म्हणाली.

"अगं, तू दाखवायलीस तो बदामी हाय!"

वाळल्यावर दोन्ही पट्टे एकसारखेच मातकट पिवळे झाले. कोणता कुठला, दोघांनाही सांगता येईना. शेवटी आईनं दोन्ही डबे एकत्र ओतले. पुढं कारकुनानं कौतुकानं रंगाचं नाव विचारलं, तर आई 'मलई' म्हणाली आणि अण्णा 'बदामी'.

मला अजून तोच रंग हवाय. लेक कार्ड उलटसुलट करून शोधतेय. तिला कसं सांगू, की तो टँकरचा गाळ होता?