चमचा चार बोटांवर थांबतो

सकाळी आठ चाळीसला विभागप्रमुख चाचणीघरात गुडघ्यांवर बसून जमिनीवरची पिवळी पट्टी नव्याने चिकटवत होते. चाकांच्या खुर्च्या जाऊन-येऊन जुनी पट्टी कडेने उचलली गेली होती. खरं तर हे काम त्यांचं नव्हतं. विज्ञान संस्थेच्या रोबोटिक्स विभागाचा प्रमुख म्हणजे बैठका, सह्या आणि दुसऱ्यांनी केलेल्या चाचण्यांचे अहवाल. पण दहा वाजता पाहणी समिती येणार होती, आणि हाताला काही उद्योग नसला की त्यांना एका जागी बसवत नसे.

पट्टीच्या आत, टेबलावर ते यंत्र होतं. करड्या रंगाचा, सहा सांध्यांचा एक हात, टोकाला रबरी चमचा. ज्यांचे स्वतःचे हात चालत नाहीत त्यांना भरवणारा. समोरच्या खुर्चीत प्लास्टिकचं डोकं असलेला एक पुतळा बसवलेला असे. काही न करता दिवसभर खातो म्हणून विभागात त्याचं नाव जावईबापू पडलं होतं.

यंत्राचा मुख्य नियम प्रमुखांनीच आठ वर्षांपूर्वी घातला होता. चमचा तोंडापासून चार बोटांवर थांबेल. तिथून पुढे माणूस येईल, यंत्र जाणार नाही. या एका वाक्यावर त्यांनी तीन देशांत भाषणं ठोकली होती आणि प्रत्येक ठिकाणी टाळ्या घेतल्या होत्या.

नवाच्या सुमारास मास्तर आले, म्हणजे त्यांच्या बायकोने, काकूंनी, त्यांची खुर्ची ढकलत आणली. मास्तर पेशाने शिंपी. दुकानाच्या माळ्यावरून कापडाचा गठ्ठा उतरवताना पडले, मानेला मार लागला आणि दोन्ही हात गेले. गेली दोन वर्षं ते आठवड्यातून तीनदा या यंत्राकडून जेवायला येत. त्यांच्या गालाशी एक कळ बसवलेली होती. गाल टेकवला की यंत्र जागच्या जागी थांबे.

"जावयाला उठवताय ना?" मास्तरांनी विचारलं. "की त्याच्या मांडीवर बसू?"

"अहो, आज तरी नीट वागा," काकू म्हणाल्या. "मोठी माणसं येणार आहेत."

"मोठी माणसंही तोंडानेच खातात."

समितीने होकार दिला तर पुढच्या महिन्यात एक यंत्र मास्तरांच्या घरी जाणार होतं. अपघातापासून काकूंनी एकही दुपार घराबाहेर काढलेली नव्हती. त्यांची बहीण तासाभराच्या अंतरावर राहते. तिच्याकडे जाऊन काय करणार, असं कुणी विचारलं तर काकू म्हणत, "झोपणार. दुसरं काही नाही." मास्तरांचं कारण वेगळं होतं. "हिच्या हातचं गोडच लागतं. पण जेवताना मधेच खिडकीबाहेर बघावंसं वाटतं, आणि ही चमचा धरून उभी असते. मग कसं बघणार?"

समिती वेळेवर आली. अध्यक्षबाई निवृत्त शल्यविशारद होत्या, कमी बोलणाऱ्या. मास्तरांनी वाटीभर कुस्करलेलं केळं संपवलं, मधे थांबून खिडकीबाहेर पाहिलं, यंत्र निमूट थांबलं. तोंड कुठे आहे ते यंत्राला दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं काम पाहणारी तरुण अभियंता भिंतीला टेकून उभी होती.

"छान," अध्यक्षबाई प्रमुखांना म्हणाल्या. "तुम्ही स्वतः खाल्लं असेलच याच्याकडून."

"अनेकदा," प्रमुख म्हणाले.

एकदाही खाल्लं नव्हतं. विभागात झाडून सगळ्यांनी खाल्लं होतं, हिशेब तपासायला आलेल्या माणसानेसुद्धा. प्रमुखांना दर वेळी नेमका फोन यायचा.

"मग बसा ना. निरोगी माणसाबरोबर कसं चालतं तेही बघू."

नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. ते जावईबापूंच्या खुर्चीत बसले. हात वापरायचे नाहीत म्हणून ते खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. यंत्राने वाटीतून घास घेतला आणि चमचा वर उचलला. त्याचा वेग त्यांना पाठ होता, तो त्यांनीच ठरवला होता. तरी चमचा हनुवटीच्या रेषेत आला तशी त्यांची मान मागे गेली, आणि काय होतंय ते कळायच्या आत उजवा पंजा दांडीवरच्या, यंत्र थांबवायच्या लाल बटणावर आपटला. यंत्र थांबलं. धक्क्याने घास सुटला आणि टायवर पडला.

त्यांनी मान सरळ केली. चमचा त्यांच्या तोंडापासून चार बोटांवर होता. बरोबर चार.

"कॅमेऱ्याचा अंदाज चुकला," प्रमुख म्हणाले. "जरा जास्तच पुढे आला."

भिंतीजवळच्या मुलीने मान वर केली. आधी चमच्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मग घरी द्यायचं तूर्त थांबवू या. दुरुस्त करा. सहा महिन्यांनी बघू." काकूंनी मास्तरांच्या ओठाच्या कडेला लागलेलं केळं पुसलं. पुसून झाल्यावरही त्या पुसतच राहिल्या.

इथे प्रमुखांच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. चार वर्षांपूर्वी जिन्यात पाय घसरून त्यांचा उजवा खांदा मोडला होता. सहा आठवडे हात गळ्यात. बायको ताट घेऊन शेजारी बसायची आणि हे डाव्या हाताने खायचे. निम्मं ताटात, निम्मं अंगावर. "दुनियेला भरवायचं यंत्र करताय," ती एकदा म्हणाली होती, "आणि माझ्या हातचा एक घास घेताना तुमची मान खाली जाते." त्यांनी तेव्हा ते हसण्यावारी नेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती मुलगी त्यांच्या खोलीच्या दारात आली. "सर, दोनदा तपासलं. चूक सापडत नाही. माझंच कुठेतरी काही राहिलं असेल. कॅमेरा उघडू का?"

तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं. "उघड," ते म्हणाले.

ती गेली. टायवरचा डाग धुवायला ते बाहेर पडले आणि काचेतून दिसलं, ती टेबलाशी वाकून एकेक स्क्रू काढून वाटीत ठेवत होती. ज्या वाटीत सकाळी केळं होतं, तीच.

दाराशी मास्तर आणि काकू गाडीची वाट पाहत होते. गाडीला उशीर झाला होता. त्यांना चुकवून जायला दुसरी वाट नव्हती.

"होतं असं, साहेब," मास्तर म्हणाले. "गळ्याचं माप घ्यायला टेप लावली की भलेभले अंग चोरतात. मी काय कमी बघितलेत?"

म्हणजे यांनी पाहिलं होतं. प्रमुखांचे कान तापले. "मग समितीसमोर बोलला का नाहीत?"

"तुमच्या घरात बसून तुमचंच उणं काढू?"

"तुम्ही नका काढू," काकू म्हणाल्या. त्या प्रमुखांकडे बघत नव्हत्या, रस्त्याकडे बघत होत्या. "बहिणीला कळवलंय मी, एवढ्यात येत नाही म्हणून. माझं काय, चालतं. पण त्या पोरीला कशाला कामाला जुंपलंत? जेवलीसुद्धा नाही ती."

प्रमुख परत आत गेले. आपल्या खोलीत न जाता चाचणीघरात गेले, आणि त्या मुलीच्या समोर उभं राहून अध्यक्षबाईंना फोन लावला.

"कॅमेरा बरोबर होता. चमचा जागेवरच थांबला होता. मी दचकलो."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

"दोनदा. खाल्लंय म्हणालो, तेही खोटं होतं."

"हे लेखी पाठवा. पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा येऊ. आणि एक सांगा. जे तुम्हाला तोंडाशी नको वाटतं, ते दुसऱ्याच्या घरी का द्यायचं?"

"गुरुवारी सांगतो," ते म्हणाले. उत्तर गुरुवारी तरी सुचेल याची त्यांना खात्री नव्हती.

फोन ठेवल्यावर त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने वाटी जवळ ओढली आणि स्क्रू परत बसवायला घेतले.

"मी करू लागतो."

"नको, सर."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. गाडी आल्याचा आवाज ऐकू आला तसे ते दाराकडे धावले. मास्तरांची खुर्ची फळीवरून आत चढत होती.

"मास्तर, उद्या येता का? तुमचा दिवस नाही, ठाऊक आहे. मी बसणार आहे खुर्चीत. माझे हात बांधायचे. थांबवायची कळ तुमच्याकडे."

मास्तरांनी जरा विचार केला. "आणि मला हसू आलं, गाल टेकला तर?"

"तर घास टायवर."

"टाय काढून या," काकू म्हणाल्या आणि गाडीचं दार लावून घेतलं.

उद्या सकाळी साडेनऊची चाचणीघरातली पहिली पाळी प्रमुखांची आहे. जावईबापूंना कोपऱ्यात हलवलं आहे. लाल बटणाची वायर काढून मास्तरांच्या गालाशी बसणाऱ्या कळीला जोडली आहे, आणि वाटीत केळंच असेल.