नगराळे सर आणि काकिनाड्याचा आवाज

नगराळे सरांचा डावा हात कायम पँटच्या खिशात असायचा. आदिलाबादजवळच्या बेल्याच्या बाजारात वांगी निवडताना, लग्नाच्या मांडवात, दारात कुणाशी बोलताना, कुठेही. गावात काहींना तो गर्व वाटायचा. मी गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहू लागलो, तेव्हा धीर करून विचारलंच. सर हसले.

"दोन हजार व्होल्टासंगं संसार केला मी, मास्तर. दोन्ही हात मशीनमधे घातले त करंट एका हातातून शिरते, छातीतून जाते अन् दुसऱ्या हातातून निघते. एक हात खिशात असला त माणूस वाचू शकते. आता हाताले सवयच लागली."

सर जाऊन आता वर्ष होईल. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायचे. घराण्यात कॉलेजात गेलेले सर पहिलेच. आयुष्यभर आदिलाबादला विज्ञान शिकवलं आणि निवृत्त होऊन बेल्याला परतले. वर्गात पुस्तकी मराठी आणि उंबरठ्याच्या आत बेल्याची बोली, असा त्यांचा नेम होता. मी आलो तेव्हा त्यांच्या पत्नी शालिनीबाई हयात नव्हत्या. मुलगी पुण्याला. माझीही बायको नोकरीमुळे नांदेडला होती. एका छपराखाली आम्ही दोघं वेगवेगळ्या चुलींवर एकेका माणसाचा स्वयंपाक करत होतो.

सरांचा छंद होता हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या सेटवरून दूरदूरच्या माणसांशी बोलण्याचा. त्याचं रीतसर लायसन्स होतं. छपरावर तार ताणलेली, आत स्वतःच्या हाताने जोडलेला जुन्या काचेच्या नळ्यांचा सेट, आणि त्याला दोन हजार व्होल्ट पुरवणारी एक लोखंडी पेटी. तिला ते 'पुरवठा' म्हणत. रोज सकाळी सहाला आंध्रच्या किनाऱ्यावरच्या काकिनाड्याचे राव नावाचे एक निवृत्त गृहस्थ हवेतून बोलायला यायचे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. भाषा अर्धी हिंदी, अर्धी तेलुगू, त्यात खरखर. भिंतीपलीकडून मला शब्द कळायचे नाहीत. सरांचा एरवी कधी ऐकू न येणारा, मोकळा, चढा आवाज तेवढा कळायचा.

एका सकाळी कापसाने ठासून भरलेला ट्रक गल्लीत शिरला. त्याच्या ओझ्यात खांबावरची तार अडकून तुटली आणि घराघरांत भलतंच व्होल्टेज घुसलं. कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रिज. सरांच्या खोलीतून धूर आला. मी धावत गेलो तर हातात माइक धरून सर उभे, आणि पेटीतून जळक्या तेलाचा वास.

"राव बोलून राह्यला होता," ते म्हणाले. "मी 'एक मिनिट' म्हणाच्या आतच गेलं."

मग दुरुस्ती सुरू झाली. पेटी उघडण्याआधी त्यांनी मला दारापाशी थांबवलं. कोरड्या बांबूला तांब्याचा आकडा बांधलेला होता. त्याची तार जमिनीत गाडलेल्या सळईला जोडून सरांनी आकडा आतल्या, वीज साठवणाऱ्या कंडेन्सरला टेकवला. फटाका फुटावा तसा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. मी दचकून मागे सरलो.

"वायर काढली होती ना?" मी विचारलं.

"काढली होती. पण बंद केलं म्हणजे संपलं, असं नसते मास्तर. आत साठून राह्यलेलं असते. ते उतरवाचं काम याच पेटीतल्या एका रेझिस्टरचं. तोच जळला."

ऐकायचा रेडिओ वेगळा होता, बॅटरीवर चालायचा, तो वाचला होता. त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली. रोज सकाळी रावांचा आवाज यायचा. ते सरांना हाक मारायचे, थांबायचे, पुन्हा हाक मारायचे. सर समोर बसून ऐकत. उत्तर देता येत नव्हतं.

"फोन करा ना," मी म्हणालो.

"नंबर कोणाजवळ आहे? कधी मागितलाच नाई."

"मग पत्र टाका. ओळखीतून पत्ता मिळेल."

"काऊन त्याले घोर लावाचा? चार-आठ दिवसांत होऊनच जाते."

चार-आठ दिवसांत झालं नाही. ट्रान्सफॉर्मरची आतली गुंडाळी जळली होती. तो जड ठोकळा मांडीवर घेऊन सर बसने आदिलाबादला गेले. तिथला वाइंडिंगवाला फक्त पाण्याच्या मोटारींची जाड तार गुंडाळायचा. एवढं बारीक काम जमणार नाही म्हणून त्याने हात जोडले. सर ठोकळा घेऊन परत आले आणि स्वतःच बसले. आतल्या तारेपर्यंत पोचायला वरची सगळी केसासारखी तार आधी उतरवावी लागणार होती. ओसरीत हाताने फिरवायचं चाक मांडलं. सर तार धरायचे, मी चाक फिरवत मोठ्याने वेढे मोजायचो. प्रत्येक थरावर तेलकट कागद. एकदा शेजारची म्हातारी दूध आहे का विचारत आली आणि मी आकडा विसरलो.

"अंदाजे धरू," मी म्हणालो.

"अंदाजे धरलं त अंदाजेच चालते. उकला."

पूर्ण थर उकलला. मला राग आला होता, पण ते काम संपू नये असंही वाटत होतं. शाळेतून आल्यावर कुणीतरी आपली वाट पाहतंय, हे बऱ्याच दिवसांनी घडत होतं.

उन्हाळा तापू लागला आणि एका सकाळी रावांची हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या दिवसापासून सर जेवायलाही न उठता काम करू लागले.

पेटी चालू झाली तेव्हा मी हजर होतो. मीटरचा काटा हळूहळू चढला आणि ठरल्या जागी थांबला. नळ्या पेटल्या. दुसऱ्या दिवशी सहाला सरांनी रावांना हाक मारली. चार-पाच सकाळी मारत राहिले. शेवटी त्याच लहरीवर येणारे राजमुंद्रीचे कुणी वयस्क गृहस्थ मधे बोलले. रावगारू, म्हणजे रावसाहेब, गेले, म्हणाले. महिनाभर अंथरुणावर होते. त्याआधी रोज तुमच्या नावाने हाक मारायचे. आम्ही सांगायचो, ते स्टेशन बंद झालंय. ते म्हणायचे, बंद झालं नाही, काहीतरी बिघडलं असेल. घरी एकटेच राहायचे. पत्नी जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

सर ओसरीत येऊन बसले. मी चहा केला. तो त्यांनी तसाच ठेवला.

"बायको गेलेली त्याची?" ते स्वतःशीच म्हणाले. "मले रोज सांगे, मिसेसनं तुमाले नमस्कार सांगितला. अन् मी बी सांगो, शालिनीनं सांगितला म्हून."

"तुम्ही का नाही सांगितलं, सर?"

"ती गेली तवा सांगाचं राहून गेलं. मंग रोज सकाळी तिच्या नावानं एक नमस्कार जाऊ लागला. बरं वाटे. तेवढ्यापुरती ती घरात असे." मग म्हणाले, "त्याले बी तसंच वाटत असन."

दुसऱ्या सकाळी मला वाटलं, आज ते सेटजवळ बसणार नाहीत. पण सहाला आवाज आला. उठून गेलो तर खोलीचं दार सताड उघडं होतं. राजमुंद्रीचे तेच गृहस्थ बोलत होते. हवापाण्याचं झालं आणि मग त्यांनी विचारलं, घर में सब ठीक?

सरांनी माइक तोंडाजवळ धरला.

"घर में कोई नहीं है," ते म्हणाले. "मेरी पत्नी गुज़र गई. मैं अकेला रहता हूँ."

पलीकडच्या खरखरीतून त्या माणसाने हळूच विचारलं, "कब से?"

सर खुर्चीत पुढे सरकले आणि सांगू लागले.