शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं रडू

शनिवारी सकाळी क्लेटनच्या घरून निघालो तेव्हा गाडीत थर्मासभर चहा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि तोंड फुगवून बसलेली माझी लेक इरा, एवढा ऐवज होता. शाळेच्या नाटकात तिला युद्धात मुलगा गमावलेल्या आईची भूमिका मिळालीय. तालमीत ती रडायला लागली की वर्गातली पोरं फिदीफिदी हसतात.

"टू मच म्हणतात सगळे. मंडेला मिसला सांगून नाटक सोडतेय. डन!"

एवढ्या हौसेने मिळवलेली भूमिका! पण "नाटकं करू नकोस" हे घरात तिने माझ्याच तोंडून ऐकलेलं, मी कुठल्या तोंडाने समजावणार? म्हटलं, चल, तुझ्याहून जास्त रडणारी एक बाई दाखवते.

ही बाई बॅलरॅटच्या पुढे, एका छोट्या गावातल्या चर्चमध्ये असते. इटलीहून आलेली, बरोक शैलीची. म्हणजे चारेकशे वर्षांपूर्वीची ती युरोपातली मूर्तिकला, जिच्यात संतमंडळी नुसती उभी राहत नाहीत. कोसळतात, हंबरडा फोडतात. वेस्ट गेट ब्रिज ओलांडला की फ्रीवे सरळसोट, दोन तास धरा. सकाळी धुकं असतं, लाइट लावा. कांगारूंमुळे अंधार पडायच्या आत परत फिरा. गावात एकच बेकरी आहे, पण तिथला पालक-चीजचा रोल एकदम झकास. चर्चला तिकीट नाही, दारातल्या डब्यात एक-दोन डॉलरचं नाणं टाकायचं.

आत गेलो आणि मी म्हटलंच, "अगं बाई, काय हे रडणं!"

लाकडाची रंगवलेली मेरी, माणसाएवढी. मांडीवर मेलेला मुलगा. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, आतले दात दिसतायत, गालावर काचेचे अश्रू. वारा नसताना पदर उडतोय.

"सी? टू मच," इरा पुटपुटली.

तिथे फुलं रचत असलेल्या एक आजी, मॉरीन, हसल्या. "लव्ह, पार मागे जाऊन बस. ही मेणबत्तीच्या उजेडात बघायची मूर्ती. शेवटच्या बाकावरच्यालाही तिचं दुःख पोचायला हवं ना!"

इरा मागे जाऊन बसली. बराच वेळ बसली. मग तरातरा पुढे आली आणि मूर्तीच्या अगदी जवळ वाकली.

"आई, तो डावा हात बघ. दॅट हँड इज नॉट अ‍ॅक्टिंग."

खरंच की! सगळं अंग आक्रोश करत होतं, पण मुलाच्या डोक्याखालचा तळवा अगदी शांत होता. तान्ह्या बाळाची मान सावरतो ना आपण, तस्सा. त्या अनोळखी कारागिराला मी मनोमन हात जोडले.

परतताना मी सोमवारचा विषय काढला नाही. उरलेल्या पुऱ्या मात्र तिने एकटीने फस्त केल्या.

घरी आल्याआल्या तिने मला किचनच्या फरशीवर आडवं केलं. "तू माझा मुलगा. डोळे मीट." आणि जो काही टाहो फोडला तिने! शेजारी येतात की काय, असं वाटलं. पण माझ्या डोक्याखालचा तिचा हात जराही हलला नाही. जन्मली तेव्हा मी तिला अशीच धरायचे. मला रडू आवरेना.

एरवी इंग्लिशमध्ये उत्तरं देणारी माझी लेक शुद्ध मराठीत ओरडली, "आई, नाटकं करू नकोस! तू मेलेली आहेस!"